ट्रक ठरायच्या आधी विचारा : निर्वासितांच्या संस्थांना निर्णयात कसं सामील करून घ्यायचं

उल्हासनगर स्टेशनबाहेर रिक्षात बसलात की रिक्षावाला आजही विचारतो, कितव्या कॅम्पला जायचंय? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्कराच्या जुन्या छावणीत ठेवलं, १९४९ ला तिचं नाव उल्हासनगर झालं, आणि पुढचं सगळं, म्हणजे बाजार, शाळा, कॉलेज, कारखाने, हे त्याच लोकांनी उभं केलं. त्यामुळे निर्वासित म्हणजे रांगेत हात पुढे करून उभा असलेला माणूस नव्हे हे आपल्याकडच्या लोकांना खरं तर वेगळं सांगायला नको. पण एनजीओत नोकरी लागली, गळ्यात आयकार्ड आलं, की महिन्याभरात आपण हे विसरतो. मी तरी विसरले होते.

एमएसडब्ल्यू करून किंवा दुसऱ्या कुठल्या वाटेने जे या कामात नुकतेच आलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी काही वर्षं नैऋत्य युगांडात काम केलं त्यामुळे बरीचशी उदाहरणं तिथली येतील, थोडी आपल्याकडची. युगांडा आफ्रिकेतला सगळ्यात जास्त निर्वासित सांभाळणारा देश आहे, १५ लाखांहून जास्त लोक, काँगो, दक्षिण सुदान, सुदान, बुरुंडी, सोमालिया, इरिट्रिया असे सगळीकडचे. २००६ च्या त्यांच्या कायद्याने निर्वासितांना काम करायचा आणि देशात फिरायचा हक्क दिलाय, आणि तारेच्या कुंपणातले कॅम्प नसून सेटलमेंट असतात जिथे कुटुंबाला राहायला आणि थोडंफार पिकवायला जमिनीचा तुकडा मिळतो. म्हणजे संस्था काढायला, चालवायला तिथे बऱ्यापैकी वाव आहे आणि म्हणूनच शिकायलाही चांगली जागा आहे.

आधी तो शनिवारचा किस्सा सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. आम्ही साबण आणि कपड्यांचं वाटप ठरवलं होतं, एका वस्तीत साधारण चारशे कुटुंबं. वाटपाच्या चार दिवस आधी सेटलमेंटची मासिक मीटिंग होती, पत्र्याच्या हॉलमध्ये, आणि त्या भागात पाऊस सुरू झाला की पत्र्यावर असा आवाज होतो की भिंतीवरचं प्रेझेंटेशन फक्त दिसतं, ऐकू काही येत नाही. माझ्या शेजारी एक काँगोची बाई बसली होती, शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या गटाची अध्यक्ष, तिला सगळे मामा म्हणायचे, स्वाहिलीत मामा म्हणजे आई. अडीच तास इंग्रजीत सगळं चाललं होतं आणि तिचा नंबर लागला तो अगदी शेवटी, आपल्याकडे 'ऐनवेळी येणारे विषय' म्हणतात ना, तिथे. ती उभी राहून म्हणाली की शनिवारी वाटप ठेवू नका, आमच्या वस्तीतली निम्मी घरं अॅडव्हेंटिस्ट चर्चची आहेत, शनिवारी ते काही काम करत नाहीत, रांगेत येणार नाहीत. सगळ्यांनी मान डोलावली, मिनिट्समध्ये नोंद झाली, आणि वाटप शनिवारीच झालं. का, तर ट्रक बुक झालेला, गोडाऊनचा गेटपास निघालेला, डोनरला तारीख कळवलेली. निम्मे लोक आले नाहीत. सोमवारी परत ट्रक, परत डिझेल, परत हमाली. मामा नंतर मला भेटली तेव्हा चिडलेली वगैरे नव्हती, एवढंच म्हणाली, "ट्रक ठरवायच्या आधी विचारलं असतंस तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

तिला मीटिंगला बोलावलं होतं, बोलूही दिलं होतं. पण निर्णय मीटिंगमध्ये झालाच नव्हता, तो तीन आठवडे आधी कोणाच्या तरी लॅपटॉपवर एका एक्सेल शीटमध्ये झाला होता. गावाकडे ग्रामसभेत ठराव आधीच टाइप करून आणलेला असतो आणि लोकांना फक्त सह्यांसाठी बोलावतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. म्हणून नवीन माणसाने शिकायची मुख्य गोष्ट ही की निर्णय नेमका कुठल्या दिवशी, कुठल्या टेबलावर होतो ते शोधायचं आणि निर्वासितांच्या संस्थेला त्या टेबलापर्यंत न्यायचं. आता एकेक पायरी.

पहिली पायरी : कोण कोण आहे ते नीट समजून घ्या

इंग्रजीत ज्याला आरएलओ, म्हणजे रेफ्युजी-लेड ऑर्गनायझेशन, म्हणतात ती म्हणजे अशी संस्था किंवा गट जिथे स्वतः विस्थापन भोगलेली माणसं नेतृत्वात आहेत आणि काम त्यांच्या समाजासाठी चालतं. नुसते दोन निर्वासित नोकरीला ठेवलेली मोठी संस्था म्हणजे आरएलओ नव्हे. हे स्पष्ट ठेवा, कारण रिपोर्टमध्ये बऱ्याचदा सरमिसळ केली जाते.

युगांडात याशिवाय आणखी एक गोष्ट असते, रेफ्युजी वेल्फेअर कौन्सिल, म्हणजे निर्वासितांनी मतदान करून निवडलेली समिती, वस्ती, मग झोन, मग अख्खी सेटलमेंट अशा तीन पातळ्यांवर. हे निवडून आलेले प्रतिनिधी, आणि आरएलओ म्हणजे काम करणारी संस्था. नवीन लोक काय करतात, समितीच्या चेअरमनला बोलावलं की झालं सगळ्यांना विचारून असं समजतात. तसं होत नाही. आपल्याकडे सरपंच आणि महिला बचत गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघींना विचारावं लागतं, तसंच. आणि सरपंचपती हा प्रकार तिथेही आहे हो, बाई निवडून आलेली असते आणि मीटिंगला नवरा किंवा दीर येऊन बसतो, त्यामुळे खुर्चीवर कोण आहे आणि बोलतंय कोण हे बघत जा.

दुसरी पायरी : शोधायला बाहेर पडा

ऑफिसच्या यादीवर विसंबू नका. यादीत त्याच संस्था असतात ज्यांना ईमेल लिहिता येतो. कंपालात सोमाली लोक किसेन्यीत भेटतील, काँगोचे लोक न्साम्ब्या, काटवे या बाजूला, आणि तिथे चर्चमध्ये, सलूनमध्ये, कापडाच्या दुकानात विचारलं की अडचण आली तर तुम्ही कोणाकडे जाता, की दोन-तीन नावं सारखी सारखी येतात. ती नावं लिहून घ्या. तिथे आरएलओंचं एक देशपातळीवरचं नेटवर्कसुद्धा आहे, रेलॉन युगांडा नावाचं, त्यांच्याशी बोला, पण नेटवर्कमध्ये नसलेले गटही असतात हे लक्षात ठेवा.

काही नावं माहीत असू द्या म्हणजे कोणी 'त्यांच्यात क्षमता नसते' म्हणालं तर उत्तर देता येईल. यारिड ही संस्था २००७ मध्ये कंपालात काँगोहून आलेल्या तरुणांनी सुरू केली, रॉबर्ट हाकिझा हे त्यातले एक, सुरुवात फुटबॉल आणि इंग्रजीच्या वर्गांपासून झाली. क्यांगवाली सेटलमेंटमध्ये २००५ पासून कोबरवास आहे, नाव काँगो, बुरुंडी, युगांडा, रवांडा, सुदान यांच्या आद्याक्षरांवरून, पोरांनी स्वतः काढलेली संस्था आणि त्यांनी शाळा उभी केली. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा कंपालातले बरेच निर्वासित सरकारी धान्यवाटपाच्या बाहेर राहिले, तेव्हा अशाच संस्थांनी घरोघरी पीठ, बीन्स, साबण पोचवला, कारण कुठल्या खोलीत कोण उपाशी आहे हे त्यांना पाठ होतं. मोठ्या संस्थांचे लोक तेव्हा घरून काम करत होते.

आणि आपल्याकडचंच बघायचं तर कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे पाच हजारांच्या आसपास निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, आणि त्यांनी तिथे स्वतःच्या शाळा, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं सगळं चालवलं. क्षमता नव्हती असं म्हणायची कोणाची हिंमत होईल का.

हां, खोट्या संस्थाही असतात. युगांडात ब्रीफकेस एनजीओ म्हणतात, म्हणजे बॅगेत शिक्का आणि लेटरहेड, बाकी काही नाही. ओळखायचं कसं? माझी पद्धत साधी होती. त्यांच्या ऑफिसात जायचं नाही, त्यांचं काम जिथे चालतं तिथे त्या दिवशी जायचं. शिवणाचा वर्ग गुरुवारी असतो म्हणतात ना, मग गुरुवारी न सांगता जायचं, बायका आहेत का, हजेरीची वही आहे का, वहीच्या मागच्या पानांवर पैशाचा हिशोब लिहिलाय का. मामाच्या गटाची वही मी पाहिली होती, कोपरे मुडपलेले, प्रत्येकीने आठवड्याला किती शिलिंग टाकले, कोणी सुई मोडली, कोणाला मुलाच्या तापासाठी उसने दिले, सगळं निळ्या पेनने. त्या वहीइतका चोख हिशोब मी मोठ्या ऑफिसांतही क्वचित पाहिला.

तिसरी पायरी : निर्णयाचं कॅलेंडर काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच सगळे सोडतात. तुमच्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात हे विचारून घ्या : पुढच्या वर्षीचं बजेट कोण लिहितो, कधी लिहायला घेतो, आणि कुठल्या तारखेनंतर ते बदलता येत नाही? युगांडा सरकारचं आर्थिक वर्ष जुलै ते जून आहे, संयुक्त राष्ट्रांचं जानेवारी ते डिसेंबर, आणि प्रत्येक डोनरचं आपापलं. पुढच्या वर्षीचे आकडे साधारण वर्षाच्या मध्यापासूनच पक्के व्हायला लागतात. तुम्ही नोव्हेंबरमध्ये 'समुदायाशी सल्लामसलत' ठेवली तर ती ठेवली नाही असंच समजा.

मग त्या शेवटच्या तारखेपासून उलटं मोजायचं. प्रोपोजल द्यायच्या सहा आठवडे आधी आरएलओशी पहिली भेट, तेव्हा तुमच्याकडे कोरा कागद पाहिजे. तीन आठवडे आधी मसुदा त्यांच्या हातात, त्यांच्या भाषेत. एक आठवडा आधी परत बसायचं आणि काय घेतलं, काय नाही घेतलं ते सांगायचं. कोणी म्हणेल डोनरने दोनच आठवडे दिलेत, आणि ते खरंही असतं, म्हणून प्रोपोजलची वाट न बघता वर्षभर भेटत राहायचं म्हणजे ऐनवेळी नव्याने विचारावं लागत नाही.

वेळेचं महत्त्व एका मोठ्या उदाहरणाने सांगते. २०२३ मध्ये युगांडात जागतिक अन्न कार्यक्रमाने पैसे कमी पडले म्हणून निर्वासितांचे तीन गट पाडले, सगळ्यात गरजूंना जास्त, मधल्यांना कमी, आणि जे स्वतःच्या पायावर उभे आहेत असं मानलं गेलं त्यांचं रेशन बंद. आता कोण पायावर उभं आहे हे कागदावरून ठरवणं किती अवघड असतं बघा. एखाद्या घरात तरुण मुलगा दिसतो म्हणून ते घर सक्षम वाटतं, पण तो मुलगा सहा महिने घरी आलेलाच नसतो हे शेजारणीला माहीत असतं. असे निकष लिहिले जात असताना शेजारीण टेबलावर असेल तर चूक तिथेच पकडली जाते, नंतर तिला फक्त तक्रारीचा फॉर्म मिळतो.

चौथी पायरी : मीटिंग त्यांना जमेल अशी ठेवा

यात लांबलचक तत्त्वज्ञान नाही, बारीकसारीक गोष्टी आहेत पण त्यावरच सगळं अवलंबून असतं. अजेंडा निदान आठवडाभर आधी पाठवा आणि ईमेलने नको, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट करून पाठवा, कारण बऱ्याच जणांना ऐकणं सोपं जातं आणि ती गटात पुढे पाठवता येते. भाषा विचारा, गृहीत धरू नका. आम्ही एकदा सगळं स्वाहिलीत करून घेतलं आणि मग कळलं की समोर बसलेले निम्मे लोक किन्याब्विशा बोलणारे आहेत, स्वाहिली त्यांना बाजारापुरती येते. दुभाषी असेल तर दर दोन-तीन वाक्यांनी थांबायचं, आणि दुभाष्याला आदल्या दिवशी कागद द्यायचे.

बोदाबोदा म्हणजे तिथली मोटारसायकल टॅक्सी, तिचं भाडं मोबाइल मनीवर आधी पाठवा. नंतर बिल द्या मग देऊ असं म्हणू नका, ज्या बाईकडे आज पाच हजार शिलिंग नाहीत ती येणारच नाही. त्यांच्या वेळेचेही पैसे द्या. तुमचा कन्सल्टंट दिवसाचे पैसे घेतो ना, मग ज्या बाईचं शिवणकाम दिवसभर बंद राहिलं तिला चहा-चपातीवर का बोळवायचं, चपाती तिकडे चांगली मिळते हे मान्य, तरीही. लहान मूल घेऊन येणार असेल तर तशी सोय करा. आणि त्यांचा विषय अजेंड्यावर दुसऱ्या नंबरला ठेवा, पहिल्याला लोक उशिरा येतात, शेवटच्याला उठून जातात.

अजून एक, एकटी व्यक्ती बोलावू नका. दोघं असले की एकमेकांकडे बघून हिंमत येते, आणि बाहेर गेल्यावर कोणी 'तू तिथे काय कबूल करून आलीस' म्हणून एकीलाच धारेवर धरत नाही.

पाचवी पायरी : पैसे

२०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत ग्रँड बार्गेन नावाचा करार झाला, त्यात मोठ्या डोनर आणि संस्थांनी म्हटलं की २०२० पर्यंत २५ टक्के निधी स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना शक्य तितका थेट देऊ. ते झालं नाही, थेट पोचणारा हिस्सा त्याच्या जवळपासही गेला नाही, आणि त्यातही निर्वासितांच्या संस्थांच्या वाट्याला अगदी चिमूटभर. हे आकडे तुमच्या बॉसला माहीत असतात, तरी बजेटच्या मीटिंगमध्ये आठवण करून द्यायला लाजू नका.

तुमच्या हातात काय आहे? बजेटच्या ओळी. आरएलओचं नाव बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत लिहा, 'समुदाय सहभाग' अशा गोल शब्दाखाली नको, कारण कपात आली की गोल शब्द आधी उडतात, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने मदत आटवल्यावर हे सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या संस्था स्वतःसाठी सात टक्क्यांच्या आसपास ओव्हरहेड घेतात, म्हणजे भाडं, अकाउंटंट, वीज याचे पैसे, आणि खालच्या छोट्या संस्थेला मात्र फक्त कामाचे पैसे देतात. ती संस्था मग कायम छोटीच राहते आणि पुढच्या वर्षी हेच लोक म्हणतात यांच्याकडे अकाउंटंट नाही. ओव्हरहेड वाटून द्या. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि एनजीओंच्या समन्वय समितीने तशा मार्गदर्शक सूचनाही काढल्यात, त्यांचा आधार घ्या.

कागदपत्रांची अडचण खरी असते. आमच्याकडे भागीदार व्हायला चाळीस पानी फॉर्म होता, तीन वर्षांचं ऑडिट मागायचा. चार लाख रुपयांच्या कामाला चार कोटींच्या कामाएवढे कागद मागणं चूक आहे, आणि हे ऑफिसात कोणीतरी बोलावं लागतं. जोखीम कमी असेल तर छोटे हप्ते, फोटो, ती निळ्या पेनची वही आणि महिन्याची भेट यावर काम चालू शकतं. रजिस्ट्रेशन नसलेल्या गटासाठी दुसरी रजिस्टर्ड संस्था छत्रीसारखी उभी राहू शकते, पण निर्णय गटाचाच राहील हे आधी लिहून घ्या, नाहीतर छत्रीवालाच मालक होतो. निर्वासितांच्या संस्थांनी निर्वासितांच्या संस्थांना पैसे द्यायचे हेही शक्य आहे. आरआरएलआय नावाची काही आरएलओंची आघाडी आहे, यारिड त्यात आहे, त्यांना २०२२ मध्ये एक कोटी डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि तो पैसा ते पुढे अशाच संस्थांना वाटतात.

भारतात काम करणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, आलेला निधी दुसऱ्या कुठल्याही संस्थेला पुढे देता येत नाही, समोरच्याकडे एफसीआरएची नोंदणी असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे युगांडासारखं 'आम्ही घेतो आणि खाली देतो' इथे चालत नाही. त्यातून भारताने १९५१ चा निर्वासित करार सही केलेला नाही, वेगळा निर्वासित कायदाही नाही, त्यामुळे बऱ्याच गटांना रजिस्ट्रेशनच जमत नाही. मग देशी निधी, सीएसआर, वैयक्तिक देणग्या यातून काय करता येईल ते बघा, पैशाचं काही करण्याआधी सीएला आणि वकिलाला विचारा, आणि पैसे देता येत नसले तरी कार्यक्रम कसा असावा हे ठरवणाऱ्या समितीत त्यांना घ्यायला कुठल्याही कायद्याने बंदी नाही.

सहावी पायरी : वरच्या टेबलावर खुर्ची

सेटलमेंटमध्ये जमलं की धोरणाच्या पातळीवर या. युगांडात २०१८ पासून रेफ्युजी एंगेजमेंट फोरम आहे, सगळ्या सेटलमेंटमधून आणि कंपालातून निवडलेले निर्वासित तिथे आधी आपापसात बसतात, मुद्दे ठरवतात, आणि मग त्यांचे प्रतिनिधी देशाच्या सुकाणू समितीत सरकार, संयुक्त राष्ट्रं, डोनर यांच्यासोबत बसतात. यातली आधी आपापसात बसायची सोय फार कामाची आहे, कारण त्यामुळे समितीत येणारा माणूस स्वतःचं मत नाही तर सगळ्यांनी ठरवलेलं घेऊन येतो. तुमच्याकडे समिती नवी होत असेल तर हे मागा : माणूस कोण पाठवायचा ते त्यांनी ठरवायचं, तुमच्या मॅनेजरने नाही, निदान दोन जागा, ठरावीक मुदत, आणि नियमावलीत मत द्यायचा हक्क लिहिलेला. 'निरीक्षक' म्हणून बसवलं तर विचारा की निरीक्षक का.

जगाच्या पातळीवर डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने निर्वासितांसाठीचा जागतिक करार मान्य केला, १८१ देश बाजूने, अमेरिका आणि हंगेरी विरोधात. त्यात निर्वासितांच्या अर्थपूर्ण सहभागाची भाषा आहे. वर्षभराने जिनिव्हाला त्याची पहिली मोठी परिषद झाली तेव्हा साधारण तीन हजार लोकांत निर्वासित सत्तरच्या आसपास होते, २०२३ ला चार हजार दोनशेत तीनशेहून जास्त. वाढलं, नक्कीच, पण व्हिसा न मिळाल्याने राहिलेले कितीतरी जण असतात. निर्वासिताकडे बहुतेक वेळा पासपोर्ट नसतो, प्रवासाचा वेगळा कागद लागतो, तो मिळायला महिने जातात, तेव्हा परिषदेची तारीख कळल्या कळल्या त्या कागदाच्या मागे लागा. कॅनडाने २०१९ ला आपल्या सरकारी शिष्टमंडळातच एका निर्वासिताला सल्लागार म्हणून नेलं, सीरियाहून आलेले मुस्तफा अलिओ, आणि देशाच्या पाटीमागे बसलेल्या माणसाचं ऐकलं जातं हे सगळ्यांना दिसलं.

आपल्या देशातलं एक जुनं उदाहरण चेन्नईत आहे. ओफर ही श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांनी १९८४ मध्ये काढलेली संस्था, एस. सी. चंद्रहासन यांनी उभी केलेली. कॅम्पातल्या मुलांचं शिक्षण, समुपदेशन, आणि सगळ्यात चिवट काम म्हणजे इथे जन्मलेल्या मुलांच्या जन्मनोंदणीचे कागद, म्हणजे परत जायची वेळ आली तर त्यांचं नागरिकत्व सिद्ध व्हावं. हे त्यांना कुठल्या डोनरने सुचवलं नव्हतं, घरात कागद नसलेलं पोर असल्याशिवाय हे सुचत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर याच निर्वासितांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या लोकांना मदत केली. २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने या कॅम्पांसाठी ३१७ कोटींचं पॅकेज आणि साडेसात हजारांच्या आसपास घरं जाहीर केली आणि कॅम्पांचं नाव बदलून पुनर्वसन कॅम्प केलं. संस्थेचं काम चाळीस-चाळीस वर्षं चालतं हे त्यातून लक्षात घ्या, तुमचा प्रोजेक्ट अठरा महिन्यांचा असतो.

सातवी पायरी : त्यांचा जीव तुमच्या फोटोपेक्षा मोठा

बांगलादेशातल्या कुतुपालोंगमध्ये मोहिब उल्लाह हे रोहिंग्यांचे नेते होते, २०१९ मध्ये जिनिव्हाला मानवाधिकार परिषदेत बोलले, अमेरिकेच्या अध्यक्षांना भेटले, आणि २९ सप्टेंबर २०२१ ला कॅम्पातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घालून मारलं. पुढे येऊन बोलण्याची किंमत काही लोक अशी मोजतात. म्हणून नाव छापायचं का, फोटो टाकायचा का, कुठल्या खोलीत बसायचं, कोणाबरोबर दिसलेलं चालेल, हे प्रत्येक वेळी विचारा, गेल्या वेळी हो म्हणाले होते म्हणून या वेळी गृहीत धरू नका. ज्या देशात सरकारवर टीका केली तर परवानगी जाते तिथे त्यांची टीका तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर जाऊ द्या. तुमची नोकरी गेली तर दुसरी मिळेल.

आठवी पायरी : परत जाऊन सांगा

विचारलं, लिहून घेतलं, आणि मग गायब. निर्वासितांची सगळ्यात मोठी तक्रार ही असते. दोन आठवड्यांच्या आत परत जा, नाहीतर फोन करा. काय बदललं ते सांगा, काय बदललं नाही ते सांगा, आणि का नाही ते खरं खरं सांगा, पैसे नव्हते तर पैसे नव्हते, बॉस नाही म्हणाला तर नाही म्हणाला. शनिवारच्या त्या प्रकारानंतर मी मामाकडे सोमवारच्या दुसऱ्या ट्रकचं बिल घेऊन गेले होते आणि तिला किती पैसे वाया गेले ते दाखवलं. ती बिल बराच वेळ बघत होती, मग तिने वही काढली आणि तेवढ्या पैशात किती शिवणयंत्रं आली असती ते लिहून दाखवलं. दोन. पुढच्या वर्षी वाटपाचा दिवस ठरवायच्या मीटिंगला ती आणि तिच्या गटातली अजून एक जण आमच्या ऑफिसात होत्या, आणि ट्रकवाल्याला फोन त्यांच्यासमोर लागला.

सुरुवात कशी करायची असं बरेच जण विचारतात, तर पहिला मेसेज साधा ठेवा. मी अजूनही साधारण असाच पाठवते, स्थानिक भाषेत, व्हॉइस नोट करून :

"नमस्कार, मी अमुक संस्थेत नवीन आले आहे. पुढच्या वर्षी तुमच्या वस्तीत आम्ही काय करायचं हे अजून ठरलेलं नाही, जूनमध्ये ठरेल. त्याआधी तुमच्या गटाला भेटायचं आहे. तुम्ही जिथे भेटता तिथे, तुमच्या दिवशी मी येईन. येण्याजाण्याचा किंवा तुमचं काम बुडाल्याचा खर्च आम्ही देऊ. कुठला दिवस चालणार नाही ते आधी सांगा."